जनगणनेची ऑर्डर आलीय? 2011 मध्ये आम्ही काय काय केलं ते सांगते

आमच्या केंद्रातल्या नव्या शिक्षकांचे हल्ली फोन येतात. "मॅडम, जनगणनेला नाव लागलंय, तुम्ही केली होती ना, काय काय असतं?" यातल्या निम्म्या मुली 2011 मध्ये स्वतःच शाळेत होत्या. मधली, म्हणजे 2021 ची जनगणना कोरोनात अडकली ती अडकलीच, त्यामुळे काम केलेली माणसं आता निवृत्त झाली किंवा माझ्यासारखी निवृत्तीला टेकली. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. आता 2027 च्या जनगणनेला कागद नाही, मोबाईलवरचं ॲप आहे, जातीचा रकानाही येणार आहे. पण दार तेच आहे आणि दारातली माणसंही बरीचशी तीच आहेत.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. पहिली ऑर्डर घरयादीची. 2010 ची उन्हाळी सुटी त्यातच गेली. माहेरी जायचं ठरलं होतं ते राहिलं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी चिडचिडच करत होते. घरयादीत माणसं मोजण्याआधी घरं मोजायची असतात. आधी गटाचा, म्हणजे आपल्याला नेमून दिलेल्या भागाचा नजरी नकाशा काढायचा. पक्कं घर म्हणजे चौकोन, कच्चं घर म्हणजे त्रिकोण, ज्यात कुणी राहत नाही ती इमारत रेघा मारून दाखवायची. क्रमांक वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू करून आग्नेयेला संपवायचे. कागदावर हे सोपं दिसतं. गावात मात्र वायव्येला ओढा, ओढ्यापलीकडे दोन वस्त्या, आणि त्यातली एक आपल्या गटात की शेजारच्या, यावर दोन प्रगणकांचं, म्हणजे मोजणी करणाऱ्यांचं एकमत नाही. माझा सल्ला एवढाच, की पहिल्या दिवशी एकाही दारात जाऊ नका. पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाला बरोबर घ्या, गटाची हद्द पायाने फिरून बघा आणि शेजारच्या गटाच्या प्रगणकाला तिथंच उभं करून ठरवा. नाहीतर एक वस्ती दोनदा मोजली जाते किंवा अजिबातच नाही.

भिंतीवर गेरूने नंबर टाकायचा, त्याला बऱ्याच घरांचा विरोध असतो. नुकताच रंग दिलेला असतो. चौकटीच्या कडेला, मीटरच्या पेटीखाली, असं विचारून टाकलं की तक्रार होत नाही. तो नंबर पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा लागतो, हे तेव्हा आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. दिवाळीत निम्मी गेरू पुसली गेली होती.

घरयादीत घरात संडास आहे का, पाणी कुठून आणता, चूल कशावर, टीव्ही, सायकल, मोबाईल असे प्रश्न होते. लोकांना वाटायचं ही दारिद्र्यरेषेची यादी आहे. समोर टीव्ही चालू असताना "टीव्ही नाही" असं सांगणारेही भेटले. "बाई, घरकुल मिळंल का?" या प्रश्नाला "बघू" असं उत्तर देऊ नका. "याच्यातून कुणाला काही मिळत नाही आणि कुणाचं काही जातही नाही," असं स्पष्ट सांगायचं. जनगणना कायदा 1948 चा आहे, त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे कुणा एका माणसाची ही माहिती कुणाला बघता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. मी ते कलम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पॅडला लावलं होतं. वाचणारे थोडे, पण कागद दाखवला की आवाज खाली यायचा.

त्या कंटाळवाण्या प्रश्नांचं पुढे काय झालं ते आकडे आले तेव्हा कळलं. देशातल्या निम्म्याहून जास्त, 53 टक्के घरांच्या आवारात संडास नव्हता, आणि फोन मात्र 63 टक्के घरांत होता. संडासापेक्षा फोन जास्त, ही ओळ त्यानंतर कितीतरी वर्षं भाषणांत आणि अग्रलेखांत फिरत राहिली. स्वच्छतेच्या योजनांवर बोलताना आधाराला हाच आकडा असायचा. ती मोजणी आमच्यासारख्यांनी मे महिन्याच्या उन्हात केली होती.

दुसरी ऑर्डर प्रत्यक्ष लोकगणनेची. 9 ते 28 फेब्रुवारी 2011. त्याआधी तालुक्याला प्रशिक्षण. हॉलमध्ये पंखे कमी, माणसं जास्त, आणि मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही. पुढे बसा, हा माझा पहिला आग्रह. पुस्तिका आदल्या रात्री एकदा वाचून जा, म्हणजे प्रश्न विचारता येतात. मी साध्या वहीत कठीण व्याख्या उतरवून घेतल्या होत्या, त्या शेवटपर्यंत उपयोगी पडल्या. कुटुंब पत्रकात 29 प्रश्न होते. कागद यंत्रावर वाचले जाणार, म्हणून घडी घालायची नाही, टाचणी लावायची नाही, आकडा चौकटीत बसला पाहिजे. पिशवी मिळाली, ओळखपत्र मिळालं. परीक्षेचं जाड पॅड, टॉर्च आणि पाण्याची बाटली मी घरची नेली. पेट्रोल तेव्हा 60 रुपयांच्या पुढे गेलं होतं आणि मळे लांब लांब. तो खर्च आपलाच धरायचा.

प्रशिक्षकांनी कायद्यातली एक तरतूद वाचली तेव्हा सगळा हॉल हसला होता. रूढीप्रमाणे ज्याचं नाव घेत नाहीत, त्या नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती कुठल्याही बाईवर करता येत नाही. 1948 चा कायदा, आता कोण असं राहिलंय, असं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका मळ्यातल्या आजी भेटल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. "नाव कसं घ्यायचं बाई, ते असताना कधी घेतलं न्हाई, आता घेऊ व्हय?" मी म्हटलं, राहू दे आजी, कायद्यानंच सूट आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कृष्णाकाठच्या मळ्यात ऊस लागला दारी, …रावांचं नाव लिहा बाई सरकारी." मग वय विचारलं. वय माहीत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची वयं साठ, पासष्ट, सत्तर अशीच सांगितली जातात, मधलं वय कुणाचं नसतंच. तिथं प्रसंगांनी विचारायचं. पानशेत फुटलं (1961) तेव्हा केवढ्या होतात? कोयनेचा भूकंप (1967) झाला तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात थोरला केवढा होता? आजी म्हणाल्या, भूकंपाच्या रात्री थोरला पाळण्यात होता. मग हिशेब लागला. तुम्ही आपापल्या भागातल्या अशा दहा-बारा घटना वहीत लिहूनच निघा. मराठवाड्यात किल्लारी आहे, मुंबईत आणखी काही असेल.

कुटुंब म्हणजे कोण? एका चुलीवर जेवतात ते. हे वाक्य पाठ होतं, पण एका वाड्यात सासूबाई म्हणाल्या, "चूल एकच हाय," आणि आतून सून म्हणाली, "दोन हाईत." मग दोघीत जुंपली. धाकट्याने वर्षभरापूर्वी गॅस वेगळा घेतला होता, पण सासूबाईंच्या लेखी घर अजून फुटलेलं नव्हतं. अशा वेळी आपण न्यायाधीश व्हायचं नाही. "आज सकाळची भाकरी कुणी कुणी एकत्र खाल्ली?" एवढंच विचारायचं. दोन पत्रकं झाली. सासूबाई माझ्यावर बरेच दिवस रुसून होत्या.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कामाचा प्रश्न. घरातला पुरुष पुढे येतो, खुर्ची देतो आणि पटापट सांगतो. मी शेती, पोरगा कारखान्यावर, बायको काही करत नाही, घरीच असते. एका घरात हे बोलणं चालू असताना ती काही न करणारी बाई गोठ्यातून दुधाची किटली घेऊन आली. मी तिलाच विचारलं.

"म्हशी किती?"
"दोन."
"धार कोण काढतं?"
"मीच की."
"डेअरीला दूध कोण घालतं?"
"मीच. पुस्तक ह्यांच्या नावावर हाय."
"भांगलणीला जाता?"
"आपल्याच रानात जाते. बाहेर न्हाई जात."
"वर्षातलं किती दिवस?"

ती हसली. "बाई, पावसाचं चार दिवस सोडलं तर रोजच."

मी लिहिलं, मुख्य काम करणारी, शेतकरी. नवरा वाकून बघत होता. "तिला शेतकरी लिवलं? सातबारा तर माझ्या नावावर हाय." त्यांना सांगितलं, इथं सातबारा विचारत नाहीत, काम विचारतात. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य, त्यापेक्षा कमी असेल तर सीमांतिक. आपल्याच रानातलं बिनपैशाचं कामसुद्धा काम. घरच्यापुरतं दूध काढलं तरी तेही काम. हे सगळं पुस्तिकेत छापलेलं होतं, पण रात्री आठ वाजता, दिवसाचं शेवटचं घर असताना, "काही करत नाही" ऐकून पुढे जायचा मोह फार होतो. महाराष्ट्रात 2011 मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास निघालं. या आकड्यात बायकांचं काम किती आणि प्रगणकांचा कंटाळा किती, असं मला आजही वाटतं. जनगणनेच्या आकड्यांत बाई शेतकरी धरायची की गृहिणी, हे त्या एका चौकटीवरून ठरतं. म्हणून सांगते, काम करता का, असं विचारू नका. एकेक काम नाव घेऊन विचारा, आणि तिलाच विचारा.

मुलांचंही तसंच. "पोरं किती?" म्हटलं की कितीतरी घरांत मुलगेच मोजले जातात. मुली किती, लग्न होऊन गेलेल्या किती, झालेली पण गेलेली किती, असं वेगवेगळं विचारावं लागतं. शेवटचा प्रश्न पुरुषांसमोर विचारू नये. बाई असल्याचा मला तिथं फायदा झाला, चुलीपाशी बसून विचारता आलं. बारसं न झालेलं बाळ तर हमखास सुटतं, कारण नावच नाही तर सांगायचं काय, असं घरच्यांना वाटतं. दोरीवर लंगोट दिसले की मी थांबून विचारायची. अपंगत्वाचा प्रश्न विचारताना आवाज खाली. एका घरात आतल्या खोलीत कुणीतरी आहे हे मला आधीपासून माहीत होतं, तरी पहिल्यांदा सांगितलं गेलं नाही. दुसऱ्या खेपेला कागद न काढता नुसता चहा घेतला, तेव्हा आईनेच विषय काढला.

साक्षरतेची व्याख्या शिक्षकांना गमतीची वाटेल. सात वर्षं पूर्ण नसतील तर मूल कितीही फाडफाड वाचत असलं तरी निरक्षर. माझ्या पहिलीतल्या हुशार मुलांना मी माझ्याच हाताने निरक्षर लिहिलं. आणि नुसती सही येते ती आजीही निरक्षरच. समजून वाचता आणि लिहिता, दोन्ही आलं पाहिजे.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडलेल्या. त्यांना कुठं मोजायचं? नियम असा होता, की जो माणूस 9 ते 28 फेब्रुवारी या सगळ्या काळात आपल्या घरी नाही, त्याला तो सापडेल तिथं मोजायचा. टोळ्या दिवाळीनंतर आलेल्या आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत जाणार नव्हत्या, म्हणजे त्या आमच्याच गटात. दिवसा कोप्यांवर लहान पोरं आणि कुत्री. माणसं पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. मी नवऱ्याला गाडीवर बरोबर घेऊन रात्री गेले. मुकादम म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांचं, दहा कोयते हायेत, मांडा." कोयत्याचा हिशेब मुकादमाला पुरतो, जनगणनेला नाही. एका कोयत्यात नवरा-बायको, बरोबर एखादं तान्हं, कधी भाकऱ्या करायला आणलेली बारा वर्षांची बहीण. कोपीकोपीने विचारलं तेव्हा ही बहीण सापडली. मातृभाषा विचारली तर मुकादम म्हणे, मराठी लिहा, आणि कोपीतली बंजारा बाई म्हणे, गोरमाटी. सांगतील तेच लिहायचं, म्हणून तिचं उत्तर लिहिलं. पुढे कळलं, की देशभरातून अशी 19,569 नावं आली, त्यातून 121 भाषांची यादी झाली आणि बंजारा बोली हिंदीच्या पोटात धरली गेली. मला ते पटलेलं नाही. पण वर कुणी कशात काय धरायचं ते धरो, खालचा कागद खरा असला पाहिजे.

कोप्यांवरून परतताना मला दुसराच प्रश्न पडला होता. ही सगळी माणसं आमच्या गावच्या खात्यावर पडली. तिकडे त्यांच्या गावी यादीत उरली म्हातारी माणसं आणि आजीपाशी ठेवलेली शाळकरी पोरं. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर 5,000 लोकसंख्येला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ला एक, असे मापदंड आहेत. जे गाव फेब्रुवारीत अर्धं रिकामं असतं, ते कागदावर तसंच बारीक राहतं. म्हणूनच स्थलांतराचे रकाने, म्हणजे आधी कुठं राहत होता, कशासाठी आलात, किती काळ झाला, हे टोळीच्या बाबतीत तरी नीट भरा. ही माणसं मुळात कुठली, हे सांगणारी तेवढीच जागा कागदावर आहे.

27 फेब्रुवारी, रविवार. भारत-इंग्लंड विश्वचषकाचा सामना. सगळे पुरुष घरी, म्हणून मी राहिलेली घरं त्याच दिवशी धरली होती. घरी होते खरे, पण मान वर करायला कुणी तयार नाही. शेवटी बायकांनीच सगळी माहिती सांगितली आणि ती जास्त नेमकी होती. सामना बरोबरीत सुटला तेव्हा मी शेवटच्या गल्लीत होते.

28 च्या रात्री बेघर माणसं मोजायची. एसटी स्टँड, देवळाचं आवार, बाजारतळ. पर्यवेक्षक आणि पोलीस पाटील बरोबर होते. झोपलेल्या माणसाला उठवून धर्म आणि शिक्षण विचारताना फार अवघडल्यासारखं होतं. त्याला उपाय नाही. टॉर्च तोंडावर मारू नका आणि आधी आपण कोण ते सांगा.

मग 1 ते 5 मार्च पुन्हा सगळी घरं. जनगणनेचा क्षण होता 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च लागतो ती मध्यरात्र. त्याआधी जन्मलेलं मूल मोजायचं, त्यानंतरचं नाही. त्याआधी कुणी गेलं असेल तर नाव खोडायचं. एका घरात बाळंतपण झालं होतं. दवाखान्याचा कागद बघितला, जन्म मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटांनी. आजीला सांगितलं, बाळ मोजता येणार नाही. "म्हंजे माझा नातू धा वर्सं सरकारला दिसायचाच न्हाई?" मी म्हटलं, 2021 ला येईल की यादीत. तो आता दहावी होऊन कॉलेजात जाण्याच्या वयाचा झाला आणि अजून एकाही जनगणनेत नाही.

सगळ्यात किचकट भाग शेवटचा, प्रगणकाचा गोषवारा. एकूण माणसं, पुरुष, स्त्रिया, 0 ते 6 ची मुलं, साक्षर. पानापानाची बेरीज आणि मग सगळ्यांची. तालुक्याला जमा करताना एकाचा जरी फरक आला तरी गठ्ठा परत. रांगेत माझ्या पुढच्या गुरुजींचा तसाच परत आला, ते बाहेर पायरीवर बसून पुन्हा बेरजा करत होते. माझा पहिल्यांदा जुळला, कारण रोज रात्री त्या दिवसाची बेरीज करून ठेवायची सवय लावून घेतली होती. पोहोच मागून घेतली. मानधन मिळालं, पण इतक्या उशिरा, की बँकेच्या पुस्तकात ते कशाचं आहे हेच आधी कळेना.

31 मार्चला दिल्लीत हंगामी आकडे जाहीर झाले. 121 कोटी. महिन्याभरात एवढ्या लवकर आकडे आले ते त्या गोषवाऱ्यांच्याच बेरजेतून. आम्हा सांगलीकरांचं लक्ष एकाच आकड्याकडे होतं. 2001 मध्ये आमच्या जिल्ह्यात 0 ते 6 वयात हजार मुलांमागे 851 मुली निघाल्या होत्या, शेजारी कोल्हापुरात 839, आणि दोन्ही जिल्ह्यांची नाचक्की झाली होती. 2011 ला आमच्याकडे थोडी सुधारणा दिसली, पण अंतिम आकड्यांत राज्य 913 वरून 894 वर घसरलं आणि बीड 807 वर. त्यानंतर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या, सील ठोकणं, खटले, यांचा जोर वाढला. रोगी कोण हे सांगणारा कागद तोच होता, ज्यात आम्ही दोरीवरचे लंगोट बघून बाळं शोधत होतो.

आणि 2013 चा अन्नसुरक्षा कायदा. देशपातळीवर ग्रामीण 75 टक्के, शहरी 50 टक्के, ही टक्केवारी लावली ती 2011 च्या लोकसंख्येला. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरला साधारण 7 कोटींचा. त्यानंतर लोकसंख्या वाढली, लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण इष्टांक तिथंच. आमच्या शाळेतल्या पालकांना पुरवठा विभागातून "इष्टांक संपलाय" हे उत्तर मिळतं, तेव्हा त्यांना वाटतं कारकून टाळतोय. जनगणना लांबते तेव्हा अशी रेशनकार्डं अडकतात.

आता 2027 चं. क्षण पुन्हा 1 मार्चची मध्यरात्र, मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत, म्हणजे कोप्या पुन्हा असणार. ज्यांना जमेल ते स्वतःच ऑनलाइन माहिती भरतील, त्या घरांत तुम्हाला फक्त खातरजमा करावी लागेल. ती करताना एकदा घरातल्या बाईशी बोला, कारण ऑनलाइन भरणारा बहुतेक वेळा तोच खुर्ची देणारा पुरुष असेल. जात विचारताना कुणाकडे बघून अंदाज बांधू नका आणि सांगितलेलं नाव सुधारू नका. बेरजा ॲप करेल, तेवढी एक रांग वाचली. फोनला पॉवर बँक घ्या, मळ्यात रेंज नसते, आणि घरयादीत दारावर नंबर टाकाल त्याचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.